गप्प बसणाऱ्यांची सोबत

मगरिबच्या अजानआधीची पाच-सात मिनिटे अकलूजच्या मशिदीत कोणी फारसे बोलत नाही. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी मांडलेली. नजर खाली, ओठांवर दुआ. शेजारच्याचे नावही कधी ठाऊक नसते, तरी तो परका वाटत नाही.

मितभाषी माणसाला ही मिनिटे फार सुखाची. एरवी लग्नात, पारावर, आणि हो, इफ्तार पार्टीतही त्याला ‘काय झालं? बोला की!’ म्हणून टोचले जाते. गप्प राहणारा तो आखडू, हा गावाचा ठोकताळा.

विसाव्या रोजाच्या संध्याकाळपासून ईदचा चंद्र दिसेपर्यंत काहीजण एतेकाफसाठी मशिदीतच मुक्काम करतात. तिथे बोलायला मनाई नाही, फक्त रिकाम्या गप्पा टाळायच्या. चांगले बोलावे, नाहीतर गप्प राहावे, ही पैगंबरांची शिकवण. तिचा दुसरा भाग सोयीने विसरला जातो.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी अकलूजला येते. दिवसभर चालून टेकलेले वारकरीही एकमेकांशेजारी न बोलता बसतात. त्यांना कोणी आखडू म्हणत नाही.

यंदा इफ्तारला एखादा अबोल शेजारी आलाच, तर त्याच्यापुढे खजूर ठेवावा, पाणी द्यावे आणि निवांत बसू द्यावे.