पाण्याचा पाइप आणि आईचा खांदा

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय बॅकयार्डमधल्या पाइपचा आहे. हसू नका. ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांनी तरी वाचा.

माझी आई मे महिन्यात न्यू जर्सीला आली. वय ७३. आल्या आल्या मागे मेथी, मिरच्या, दुधी लावून मोकळी. मी दिवसभर लॅपटॉपवर, नवरा ऑफिसात, लेक समर कॅम्पला. इथे ना शेजारच्या काकू, ना चालत जाण्याजोगा भाजीवाला. तिचा दिवस त्या वाफ्यांवरच सरतो.

एक दिवस खिडकीतून पाहते तर आई दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये किचनमधून पाणी भरून डेकच्या पायऱ्या उतरतेय. अशा पाच-सहा खेपा. "आई, पाइप आहे ना?"

"तो ओढवत नाही गं. खांदा भरून येतो. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, पाणी घालूच नकोस."

खरंच म्हणाले असते. नवरा तर लगेच टायमरवाल्या स्प्रिंकलरचं बोलू लागला. माझा त्याला विरोध आहे. पाणी झाडांना मिळेल हो, पण आईच्या हातातलं काम जाईल त्याचं काय?

मग सीएची खोड. भारतवारीच्या बॅगा तोलायचा काटा काढला. आमचा ५० फुटी रबरी पाइप रिकामाच चार किलोच्या वर. तो पाच-अष्टमांश इंची, म्हणजे आत आणखी तीन किलो पाणी. सात किलो! विमानातली केबिन बॅग गवतावरून फरफटत न्यायची, रोज दोनदा. पाइप टिकाऊ आहे, वाद नाही. पण घेताना दुकानात तो नवऱ्याने उचलून पाहिला होता, आईने नाही.

त्याआधीचे दोन वर्षांतले तीन पाइप म्हणजे ते कापडी, पाणी सोडलं की फुगून लांब होणारे. हलके, दिसायला गोड, प्रत्येकी तीस डॉलर. आत पातळ रबराची नळी असते. पुढचं नोझल बंद करून नळ चालू ठेवला की आतला दाब तसाच राहतो, वरून ऊन. एक दिवस फट्! नळ दर वेळी बंद करायचा असतो हे मान्य, पण पाहुण्या आईला, नऊ वर्षांच्या मुलीला आणि विसराळू नवऱ्याला हे रोज कोण सांगणार? शिवाय तो फाटला की दुरुस्ती नाही, सरळ कचऱ्यात. नव्वद डॉलर पाण्यात, अक्षरशः.

आता पॉलीयुरेथेनचा घेतलाय. अर्धा इंची, ५० फूट, सत्तर डॉलर. काट्यावर दोन किलो, पाण्यासकट चारच्या आत. तोंडाची धार थोडी कमी, बादली भरायला वेळ लागतो. आईला कुठे घाई आहे? सुरुवातीला गुंडाळी सुटता सुटत नाही, दोन दिवस उन्हात पसरून ठेवला. मधे भोक पडलं तर तेवढा तुकडा कापून जोड बसवता येतो.

घेताना दोन गोष्टी मात्र बघाच. जोड पितळी असावा. ॲल्युमिनियमचा जोड पितळी नळावर असा धरून बसतो की शेवटी पक्कड घेऊनही सुटत नाही. आणि पाकिटावर पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित असं लिहिलेलं हवं, कारण साध्या पाइपच्या पितळी जोडांत शिसं असू शकतं आणि आपली पोरं खेळता खेळता पाइपलाच तोंड लावतात. तसा असला तरी उन्हात तापलेलं पहिलं पाणी सोडून द्या, मेथीवरही नको.

थंडी पडायच्या आत पाइप नळावरून काढून रिकामा करा. लावलेला राहिला तर नळात पाणी अडकून गोठतं आणि भिंतीतला पाइप फुटतो. तो खर्च कुठल्या खात्यात टाकाल?

जुना रबरी पाइप नवऱ्याला गाडी धुवायला दिलाय. आई आता सकाळी सातलाच बाहेर असते. काल म्हणाली, "पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचतो गं हा. तिथे पडवळ लावू का?"