खांद्यात गर्भ नसतो

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोटच डोळ्यांसमोर येतं. कायद्याच्याही!

आधी एक स्पष्ट करते, नाहीतर प्रतिक्रियांत धुलाई व्हायची. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, याचा मला अभिमान आहे. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरी राज्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या. तेव्हा कायदा ढिला करा म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

पण यंत्र एकच म्हणून खांदा आणि गर्भ एकाच फूटपट्टीने मोजायचे?

संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, म्हातारपणाची झीज नव्हे, बायकांनाच जास्त गाठतो. खांद्यात शिरला की वेणी घालणं, फळीवरचा डबा काढणं बंद. मग सगळे सांगतात, "फ्रोझन शोल्डर असेल, भिंतीवर बोटं चढवा." एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही, हाड कुरतडलं जातं ते नंतर. सोनोग्राफीत मात्र सुजलेलं अस्तर, साठलेलं पाणी, फाटलेला टेंडन दिसतो. डॉप्लर लावला तर सूज धगधगतेय की निवलीय तेही कळतं. हात हलवायला लावून बघता येतं. (हाडाआडचं बघायला एमआरआय लागतोच, ते खरं.) औषध वाढवायचं की नुसता व्यायाम, हे ठरवायला याची मदत होते.

युरोपात बरेच संधिवाताचे डॉक्टर स्वतःच तपासताना हे यंत्र फिरवतात. आपल्याकडे यंत्राची नोंदणी, चालवणाऱ्याची पात्रता, भिंतीवर ती पाटी, आणि यंत्र उचलून पेशंटच्या घरी नेण्याची सोय नाही. साठीच्या बाईचा खांदा बघतानाही वर पाटी गर्भलिंगाचीच! कित्येक डॉक्टर या भानगडीत पडतच नाहीत, चिठ्ठी लिहून देतात. ठाकूरद्वारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून जिला उतरवत नाही, तिने ती चिठ्ठी घेऊन जायचं कसं? आणि जिथे जाईल तिथे रोज पोटं बघणाऱ्याला खांदा कळेलच असंही नाही.

खांद्याला लागतो तो सपाट प्रोब, जास्त कंपनसंख्येचा. तो खोलवर पोहोचत नाही. पोटासाठी सहसा गोलसर प्रोब लागतो. मग फक्त सपाट प्रोबच चालेल अशी कुलूपबंद यंत्रं वेगळ्या वर्गात का घालू नयेत? नोंदणी ठेवा, धाडी घाला, कुलूप तोडणाऱ्याला तुरुंगात टाका. पळवाटा निघतील म्हणता? मग कुलपाची जबाबदारी यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या गळ्यात बांधा.

तोवर घरात कुणाला संधिवात असेल आणि खांदा धरला असेल, तर "वयाप्रमाणे" या उत्तरावर उठू नका. सोनोग्राफी करून बघू का, असं डॉक्टरांना तोंडावर विचारा.