आलेख आहे, वाचक हवा!

छातीत कळ आली, डावा हात भरून आला, अंगाला दरदरून घाम फुटला, तरीही ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून सोडा पिऊन पडून राहण्याची रीत आपल्या समाजात खोलवर रुजली आहे. बेळगावनजीक मच्छे येथील औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा कामगारही याच समाजातला. खानापूरमार्गे बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयांना हे गाव ठाऊक आहे. शहरातील मोठी रुग्णालये तेथून फार दूर नाहीत. म्हणूनच अशा ठिकाणी प्रश्न अंतराचा नसून वेळेचा आहे, आणि वेळ वाचविणारे पहिले साधन म्हणजे साधा कार्डिओग्राम.

हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख काढणाऱ्या विल्यम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाला 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज हा आलेख बारा बाजूंनी हृदयाकडे पाहतो. त्यामुळे झटका आला आहे एवढेच नव्हे, तर कोणती रोहिणी तुंबली असावी, याचाही अदमास त्यावरून बांधता येतो. व्ही-1 ते व्ही-4 या लीडमध्ये एस-टी रेघ वर उचलली गेली, तर हृदयाची पुढची भिंत संकटात असून डावी पुढची उतरती रोहिणी बंद झाली असावी. दोन, तीन आणि एव्हीएफ यांत ती चढली, तर घाव खालच्या भिंतीवर असतो आणि दोष बहुधा उजव्या रोहिणीचा असतो.

हा तपशील केवळ पंडितांच्या कामाचा आहे, असे कोणी समजू नये. खालच्या भिंतीच्या झटक्यात हृदयाचा उजवा कप्पाही सापडला असेल, तर जिभेखाली ठेवावयाची नायट्रेटची गोळी रक्तदाब एकाएकी खाली आणून घात करू शकते. अशा वेळी छातीच्या उजव्या बाजूचीही लीड घेऊन पाहावी लागते. मागच्या भिंतीचा झटका तर पुढच्या लीडमध्ये उलटा, म्हणजे दबलेल्या रेघेच्या रूपाने दिसतो व नवख्याला सहज चकवितो. पहिला आलेख निर्दोष आला, तरी वेदना थांबत नसेल तर तो पुन्हा काढलाच पाहिजे. अंतिम निर्णय अर्थात अँजिओग्राफीचा. परंतु तिथवर रुग्ण वेळेत पोहोचावा, हे या कागदाच्या वाचनावर अवलंबून असते.

यंत्र स्वस्त आहे. दुर्मिळ आहे तो वाचणारा. गोव्याने 2018 मध्ये याचे उत्तर शोधले. खेड्यातील आरोग्य केंद्रात काढलेला आलेख तज्ज्ञाकडे क्षणात पाठवावयाचा, गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच द्यावयाचे आणि मग रुग्णाला बांबोळीला हलवावयाचे, अशी ही योजना. कर्नाटकानेही 2021 साली हृदयविकाराने गेलेल्या अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावे 2023 मध्ये अशीच योजना हाती घेतली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र योजना फलकावर असणे निराळे आणि मध्यरात्री दोन वाजता जागी असणे निराळे.

आमची मागणी साधी आहे. छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा आलेख निघावा व वाचला जावा. मच्छेसारख्या वसाहतींतील कारखानदारांनी एकत्र येऊन पाळीगणिक एक प्रशिक्षित माणूस आणि एक यंत्र ठेवावे. निपाणीच्या रुग्णाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. तेथे राज्यसीमेने वाट अडवू नये. आलेख तर दूरध्वनीवरून सीमा ओलांडतोच, मग उपचारांनी का थांबावे? बंद पडलेली रोहिणी कागदावर आपला पत्ता लिहून देत असते. तो वाचावयास कोणी नव्हते म्हणून माणूस गेला, असे यापुढे होता कामा नये.