राजीनाम्यावर सही करू नका



नगरपालिकेच्या गटारात अथवा कचऱ्याच्या गाडीवर काम करताना कामगाराचा हात वा पाय निकामी झाला, की त्याच्या घरी दोन सल्ले पोहोचतात. एक म्हणतो, हा नशिबाचा भोग. दुसरा म्हणतो, राजीनामा दे आणि मुलाला वारसाहक्काने लावून घे. पहिला सल्ला धम्माविरुद्ध आहे. दुसरा मानण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते ऐका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० (४) अन्वये, सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही, की त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत अथवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. नगरपालिका व महानगरपालिका या आस्थापनांत मोडतात. मात्र ज्याने आपल्याच सहीने नोकरी सोडली, त्याची बाजू न्यायालयात मांडणे फार कठीण जाते.

म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करवून घ्या. वैद्यकीय दाखला जोडून पर्यायी कामाचा लेखी अर्ज द्या व पोच घ्या. नकार आल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागा. ठेकेदाराच्या कामगारास हे संरक्षण सहजासहजी लाभत नाही. तथापि मुख्य मालकावर भरपाईची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे. ती सोडू नका.

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीची वाट मिळाली. अडल्यानडल्या घरांना तिचा आधार झाला, हे आम्ही नाकारत नाही. परंतु बापाचा झाडू मुलाच्या हाती जावा, हीच ती जन्माने चिकटलेल्या धंद्याची साखळी. ती तोडण्याचा मार्ग परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपणांस दाखविला. बाप झेपेल त्या कामावर सन्मानाने परतला, तर मुलाचे शिक्षण सुटणार नाही.

एक रुग्ण भिक्षू संघाच्या उपयोगाचा नाही म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वहस्ते न्हाऊ घातले. जखमी कामगाराला निरुपयोगी ठरवणाऱ्यांना हेच उत्तर आहे. आपल्या वस्तीत असा प्रसंग येताच विहारातील दोन शिकलेल्या माणसांनी त्याचा अर्ज लिहून द्यावा व त्याच्यासोबत कचेरीत जावे. वंदना झाल्यावर करावयाचे धम्मकार्य ते हेच.

जय भीम.