भाजीवालीकडून कन्नड

मंडळी, मुंबईत राहून मराठी न शिकणाऱ्यांवर आपण किती तोंडसुख घेतो! मग बंगळुरात पंधरा-वीस वर्षे काढून ‘कन्नड गोत्तिल्ला’ एवढ्यावर भागवणाऱ्या आपल्याच माणसांना काय म्हणायचे? (आमचे चिरंजीवही त्यातलेच. वाचतो आहेस ना रे?)

मी इथे मुलाकडे राहायला आले ती सत्तरी उलटल्यावर. पुस्तक आणले होते, पण जीभ सुटली ती मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर, भाजी घेताना. माझे तर स्पष्ट मत आहे, रोज एकाच भाजीवालीकडे जावे. ओळख झाली की तीच मास्तरीण होते. ‘कोडु’ म्हणजे दे आणि ‘कोडि’ म्हणजे द्या, हे तिनेच शिकवले. कोथिंबीर म्हणजे ‘कोत्तंबरी सोप्पु’, तूप म्हणजे ‘तुप्पा’... निम्मे शब्द घरचेच की! थोडे म्हणजे ‘स्वल्प’, आपल्या स्वल्पविरामातले.

अडचण एकच. आपण जरा अडखळलो की समोरचा लगेच हिंदीवर येतो. चांगुलपणाच तो, पण शिकणे तिथेच थांबते. अशा वेळी ‘कन्नडदल्लि हेळि’ म्हणावे आणि गप्प उभे राहावे. मागची गिऱ्हाइके चुळबुळली तरी!

हा हट्ट कशासाठी, असे सूनबाई विचारते. परवा गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. आजींना काय होतंय, हे ते नेहमीप्रमाणे मुलालाच विचारत होते. मी मध्येच म्हटले, ‘मंडि नोवु, डॉक्टर. रात्री जास्ती.’ त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.