जुनी चेनसॉ: वापरायची की जपायची?

वडिलांची चेनसॉ दुरुस्त होऊन ओव्याला घरी आली आणि वाद सुरू. आई म्हणते, जपून ठेव. भाऊ म्हणतो, वापरायची नाय तर पैसे कशाला घातलेस?

मंडळी, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेले आंबे हिनेच कापले, म्हणून जीव अडकलाय. पण हिला चेन ब्रेक नाही. बारचं टोक लाकडाला लागून मशीन उसळली तर साखळी थेट तोंडावर. त्यामुळे उभं झाड, फांद्या हिच्यावर बंद. महिन्यातून एकदा जमिनीवरचा ओंडका, बस्स. नुसती ठेवली तर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो. नंतर टाकी रिकामी करायची. इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर खातं.

बाकी कामाला ब्रेकवाली नवी घेतोय. भाऊ कुरकुरतोय, कुरकुरू दे.