नाव न विचारणारा बाजार

आपल्या वऱ्हाडातल्या कारंज्यात १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला म्हणून त्याची नोंद होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, म्हणून इंग्रजांनी तो काढला, हे खरेच. पण बाजाराला नियम असावेत हा विचार इथे रुजला आणि पुढे शेतकऱ्याने तो आपला म्हणून मागितला.

आज बाजार नवा आहे, पण नियमांचा प्रश्न तोच. इथल्या रिसोड, मंगरुळपीरची मुले सोयाबीनच्या पट्टीतून उरलेले चार पैसे मोबाइलवरून क्रिप्टो चलनात टाकतात. ॲप पॅन मागते, चेहरा दाखवायला लावते, काही देशांशी व्यवहारच करू देत नाही. मुले वैतागतात. पैसा माझा, पाठवीन तिकडे पाठवीन, ही चौकशी कशाला?

याचे उत्तर पुण्या-मुंबईतच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने बोट दाखवले ते उत्तर कोरियाकडे. अणुचाचण्यांमुळे २००६ पासून निर्बंधांखाली असलेल्या देशाकडे. मग मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर चोरीला गेले. ही चोरीही उत्तर कोरियाचीच, असे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले. लाखो सामान्य खातेदारांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले. चोरलेले नाणे कुठेतरी डॉलरमध्ये, रुपयात बदलावे लागतेच. त्या वाटेवरचा दुकानदार नाव-गाव विचारत नसेल, तर चोराचे काम तिथेच होते.

बायनान्स या जगातल्या सर्वांत मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजने अमेरिकेने निर्बंध घातलेल्या इराण, क्यूबा, सीरियातल्या ग्राहकांचे व्यवहार होऊ दिले. २०२३ मध्ये अमेरिकेत ४३० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. आपल्याकडे मार्च २०२३ पासून क्रिप्टो सेवांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. त्या डिसेंबरात नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा गेल्या, पुढे बायनान्सला १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला.

हे योग्यच झाले, असे आम्हाला ठामपणे वाटते. अमेरिकेची निर्बंधांची यादी ही प्रत्येक वेळी न्यायाची यादी असते असे नाही, ती तिच्या राजकारणाचीही असते. तरी ‘कोणी पाठवले, कुठे चालले’ हा प्रश्न सोडून देता येणार नाही. अडचण वेगळीच आहे. सरकार नफ्यावर ३० टक्के कर घेते, पण कोणती सेवा नोंदणीकृत आहे हे मानोऱ्याच्या मुलाला मराठीत कोण सांगते? नोंदणीकृत सेवांची यादी प्रत्येक बँक शाखेत आणि बाजार समितीच्या फळ्यावर लागली पाहिजे. शेजारी १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांकही हवा. ही मागणी आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करणार आहोत. वाचकांनी सह्या द्याव्यात.